मासुंते : कासवांनी जगवलेलं गाव

एकेकाळी कासवं मारून या गावाचं पोट भरत असे. आज तेच गाव कासवं वाचवून पोट भरतं. मेक्सिकोच्या ओआहाका राज्यात, प्रशांत महासागराच्या काठी वसलेलं हे चिमुकलं मासुंते.

शेजारच्या सान आगुस्तिनियो गावात कासवांचा कत्तलखाना होता. मांस, कातडं, तेल, सगळ्यालाच मागणी. १९९० मध्ये मेक्सिको सरकारने समुद्री कासवं मारण्यावर बंदी घातली आणि अनेक घरांच्या चुली थंडावल्या. मग गावकऱ्यांनी पाहुण्यांसाठी झोपड्या उभारल्या, बायकांनी सहकारी तत्त्वावर साबण व क्रीम बनवायला सुरुवात केली. त्यामुळे इथे येणारा प्रवासी खर्च कुठे करतो, याला महत्त्व आहे.

कसं जाल?

भारतातून थेट विमान नाही. युरोप किंवा अमेरिकेमार्गे मेक्सिको सिटी गाठायची, तिथून उवातुल्को किंवा पुएर्तो एस्कोंदिदोचं विमान पकडायचं. पुढचा रस्ता मोटारीने साधारण तासाभराचा. जवळचं बाजारपेठेचं गाव पोचुतला. तिथून मासुंतेला सामायिक टॅक्स्या व ताडपत्री लावलेले छोटे ट्रक येतात. भारतीयांना व्हिसा लागतो. अमेरिकेचा किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा असल्यास सवलत मिळते, पण तिकीट काढण्याआधी दूतावासाकडून खात्री करून घ्यावी.

नोव्हेंबर ते एप्रिल हे महिने कोरडे व सुखाचे. जून ते ऑक्टोबर पाऊस आणि वादळांचा काळ. १९९७ च्या पॉलिना आणि २०२२ च्या अगाथा वादळाने या किनाऱ्याचं मोठं नुकसान केलं होतं.

काय पाहाल?

मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर जगातल्या सात समुद्री कासवजातींपैकी सहा आढळतात. गावातल्या कासव केंद्रात त्यांची ओळख होते. जाण्याआधी साप्ताहिक सुट्टीची चौकशी करावी. पश्चिमेला एस्कोबियाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं पावसाळ्यात व त्यानंतर हजारोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. ही जात आपल्याला परकी नाही. ओडिशाच्या गहिरमाथ्याला आणि रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला येतात ती हीच. तिथे अधिकृत वाटाड्याबरोबरच जावं, विजेरी व फ्लॅश वापरू नये. कासवाची अंडी कुणी चोरून विकायला आणलीच तर घेऊ नयेत. तो गुन्हा आहे.

जवळच व्हेंतानियाच्या खाजणात वल्ह्यांच्या होडीतून मगरी व पक्षी दिसतात. सूर्यास्त पाहायचा तो पुंता कोमेता या टेकडीवरून. परतताना अंधार होतो, म्हणून विजेरी जवळ ठेवावी.

समुद्राशी खेळ नको

पाणी निळंशार दिसलं, तरी लाटा दांडग्या आणि आतली ओढ जबरदस्त असते. शेजारचा सिपोलिते किनारा तर बुडण्याच्या घटनांसाठीच कुप्रसिद्ध आहे. मुलांना घेऊन जायचं तर मासुंतेचा रिंकोनसितो हा कोपरा त्यातल्या त्यात शांत. तरीही लाल बावटा असेल तर पाण्यात पाऊल टाकू नये. ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहावं.

पोटपूजा आणि पाकीट

शाकाहारी माणूस इथे उपाशी राहत नाही. तोर्तिया म्हणजे मक्याची पातळ भाकरी, सोबत घेवड्याची उसळ, चीज, अ‍ॅव्होकॅडो आणि झणझणीत मिरची. मात्र उसळीत अनेकदा डुकराची चरबी असते. म्हणून ‘सिन कार्ने, सिन मान्तेका’, म्हणजे मांस नको, चरबी नको, हे चार शब्द पाठ करून जावं. तलायुदा या मोठ्या, कडक तोर्तियावरही ‘आसिएन्तो’ नावाची चरबी फासतात. तीही नको म्हणून सांगावं. नळाचं पाणी पिऊ नये.

रोख पेसो जवळ असावेत, कारण पैसे काढायची यंत्रं मोजकी आणि कधीकधी रिकामी. घरी फोन करताना घड्याळ पाहावं : भारत साडेअकरा तास पुढे आहे.

आणि हो, परतताना भेटवस्तू घ्यायची असेल, तर गावातल्या त्या सहकारी साबणाची एक वडी जरूर घ्यावी. समुद्रातल्या एखाद्या कासवाचं आयुष्य थोडंसं त्या वडीवरही अवलंबून आहे.