हिमारण्यातील एकांत

प्रिय वसंतराव यांस,


आपले पत्र पावले. चिरंजीव खोलीचे दार लावून जो नॉर्वेजियन ‘ब्लॅक मेटल’ नामक प्रकार ऐकतात, त्यात गोंगाटाखेरीज काही आहे काय, हा आपला सवाल. गोंगाट आहे, यात वाद नाही. पण तो हेतुपुरस्सर केलेला आहे.

या प्रकारातील ‘डार्कथ्रोन’ या वाद्यवृंदाची १९९४ सालची ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ ही ध्वनिमुद्रिका पाहा. फेनरिझ या तरुणाने घरगुती चार-ट्रॅक यंत्रावर सारी वाद्ये एकट्याने वाजवून ती सिद्ध केली. कंठ तेवढा सोबत्याचा. नखी तारेवर इतक्या वेगाने फिरते की आघात निरनिराळे ऐकू न येता एकच करकरीत पडदा पसरतो, खर्जाचा भरीवपणा जवळजवळ लोपलेला, आणि ढोलाचा ठेका पालटण्याचे नाव घेत नाही. आपल्यासारख्या ख्यालाच्या श्रोत्यास हे निव्वळ दारिद्र्य वाटेल. परंतु हिवाळ्याचे वर्णन शब्दांवर न सोपविता नादाच्याच अंगी हिवाळा आणावा, असा तो खटाटोप आहे.

बालकवींचा निसर्ग माणसाकडे पाहून हसतो. इथला निसर्ग माणसाची दखलच घेत नाही. याच पंथातील ‘बुर्झुम’च्या १९९४ च्या मुद्रिकेवर थिओडोर किटेलसन या जुन्या चित्रकाराचे, अरण्यातील वाटेवर पडलेल्या भणंगाच्या कलेवराचे चित्र आहे. याच किटेलसनने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात महामारीला दंताळे आणि केरसुणी घेऊन हिंडणारी म्हातारी कल्पिले: दंताळे फिरले तर काही जण वाचत, केरसुणी फिरली तर कोणीच नाही. त्या चित्रांतील थंड तटस्थता या मुलांनी नेमकी उचलली. मात्र निसर्गभक्तीने माणूस सात्त्विक होतो, हा आपला लाडका सिद्धांत इथे टिकत नाही. ‘बुर्झुम’चा कर्ता खून आणि चर्चे जाळल्याच्या आरोपांवरून १९९४ मध्ये एकवीस वर्षांच्या कैदेस पात्र ठरला.

या संगीतातील एकांताची हकीकत याहून मौजेची. फेनरिझचे कोल्बोत्न हे ओस्लोच्या दक्षिणेस लोकल गाडीच्या मार्गावरचे उपनगर. म्हणजे हे आरण्यक सुखवस्तू वस्तीच्या परसात जन्मले. शिवाय त्या देशात १९५७ च्या कायद्यानेच, जमीन कोणाच्याही मालकीची असो, बिनलागवडीच्या रानात हिंडण्याचा हक्क सर्वांना बहाल केला आहे. एकांत तिथे संन्याशाची मिरास नव्हे, रयतेचा हक्क आहे, आणि म्हणूनच त्यात विरक्तीपेक्षा हट्ट अधिक असावा, असे मला वाटते.

या एकांताचे दुसरे टोकही सांगतो. नॉर्वेतल्याच सोग्नदालच्या तेर्ये बाक्केनने ‘विंडिर’ ही याच संगीताची मंडळी आरंभी एकट्यानेच चालविली आणि आपल्या सोग्न प्रांताच्या बोलीत गाणी रचली. जानेवारी २००४ मध्ये कुटुंबाच्या डोंगरातील झोपडीकडे पायी निघाला असता हिमवादळाने त्याला गाठले. थंडीने गारठून तो गेला, तेव्हा वय अवघे पंचवीस. या मृत्यूत काव्य शोधणाऱ्यांचा मला संताप येतो. तो कोणत्याही तत्त्वासाठी मेला नाही; घरच्या झोपडीकडे चालला होता, इतकेच.

चिरंजिवांशी बोलणे काढायचे झाल्यास ‘उल्वेर’ या याच पंथातल्या वाद्यवृंदाची १९९६ ची ‘क्वेल्डसांगेर’ मागून घ्या. तीत विजेची वाद्ये नाहीत. साधी गिटार, चेलो आणि सामूहिक कंठ आहेत. वहिनींचीही तक्रार राहणार नाही.



आपला,
ना. वि.