'कामगार' या शब्दाचा अर्थ

शब्दांच्या अर्थावर वाद घालणे हा आम्हा भाषेच्या प्राध्यापकांचा व्यवसायच. पण त्या वादावर कुणाची भाकरी अवलंबून असते, हे आम्हांला कळले ते चेंबूरच्या एका वकिलांकडे. एका विनाअनुदानित संस्थेने आमच्या सहकारी बाईंना कमी केले होते. देऊ केलेली रक्कम स्वीकारावी काय, एवढेच विचारायचे होते.

वकील म्हणाले, "कपात झालेल्या कामगाराला सलग सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन मिळते. पण शिक्षक कामगार नव्हेत." गोव्यातील सुंदरांबल या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली तसा निकाल दिला आहे. ग्रॅच्युइटीदेखील शिक्षकांना मिळाली ती २००९च्या दुरुस्तीने.

मग उरते काय? नियुक्तिपत्र, नोटिशीची मुदत, ग्रॅच्युइटी. वकिलांनी वाटाघाट केली ती यांवरच. तोवर 'संपूर्ण हिशेब मिळाला' या कागदावर बाईंना सही करू दिली नाही. खडू झिजवणाऱ्या हातांना कायदा कष्टकरी मानत नसेल, तर निदान त्यांनी सही करण्यापूर्वी वाचावे.