कुत्र्याचा नैवेद्य

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी जवळ आली कीं आमच्या घरीं पूर्वी एक वाद हटकून निघे. वादाचा विषय देव नव्हे, देवाचा कुत्रा.

आमचें जुनें घर भोरास. अध्यापनाच्या निमित्तानें मुक्काम पुण्यास असला तरी चंपाषष्ठीस आम्ही भोर चुकवीत नाहीं. खंडोबाची जेजुरी शेजारच्याच पुरंदर तालुक्यांत. तेव्हां त्या देवाचा लोभ या भागावर अंमळ अधिक असणें स्वाभाविकच. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें आणि कांदा या दिवशीं पुन्हा पानांत येतात. ठोंबरा, कणकेचा रोडगा, वांग्याचें भरीत, पातीचा कांदा आणि लसूण असा देवाचा नैवेद्य. आणि त्यांतलाच घास कुत्र्यास घालावयाचा. मुक्या प्राण्याला देवाच्या पंक्तीस बसविणारी ही चाल आम्हांस लहानपणापासून फार आवडे. अजूनही आवडते.

आमचा मोत्या वेल्ह्याकडचा. तोरण्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून आमच्या वाटेकऱ्यानें तो पोत्यांत घालून आणला, तेव्हां मुठीएवढा होता. नाचणीची भाकरी आणि ताक यांवर तो वाढला आणि अकरा किलोंचा झाला. एका चंपाषष्ठीस आळींतल्या सात-आठ घरांनीं त्यास मानानें बोलाविलें. प्रत्येक घरीं रोडगा, आणि रोडग्यावर मूठभर भरीत. तो कोणास नाहीं म्हणाला नाहीं. आम्हीं तर कौतुकानें आपल्या पानांतलेंही त्यास वाढलें.

दोन दिवस कांहीं झालें नाहीं. चौथ्या दिवशीं तो उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक, आणि लघवी काताच्या पाण्यासारखी. जनावरांच्या डॉक्टरांनीं रक्त तपासलें आणि एकच प्रश्न केला, “कांदा किती खाल्ला?” उभा जन्म पुस्तकांत घालविलेल्या आम्हांस तो प्रश्नच कळला नाहीं.

कांद्यांतील गंधकयुक्त द्रव्यें कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी नासवितात. अशा पेशींत सूक्ष्मदर्शकाखालीं जे ठिपके दिसतात त्यांस हाइन्झ या जर्मन वैद्याचें नांव मिळालें आहे. त्यानें ते १८९० मध्यें वर्णिले. शरीराच्या दर किलो वजनामागें १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटांत गेला कीं अनर्थ होऊं शकतो. म्हणजे मोत्यास दोन मध्यम कांदे पुरे होते. शिजविल्यानें वा वाळविल्यानें हा दोष जात नाहीं. लसूण तर कांद्याहून जहाल. मोत्यास पुण्यास नेऊन दुसऱ्या कुत्र्याचें रक्त द्यावें लागलें. त्या रात्रीं आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून होतों आणि आपल्याच कौतुकाची आम्हांस लाज वाटत होती.

पुढच्या वर्षीं हें सारें आम्हीं आत्यास समजावूं लागलों. आत्यानें ऐकून घेतलें आणि म्हणाली, “अरे, देवाचा घास कधीं कुणाला बाधतो का?” यावर आमच्या पदवीपाशीं उत्तर नव्हतें. उत्तर वाटेकऱ्यानें दिलें. तो सहज बोलून गेला, “आत्याबाई, आमच्याकडं कुत्र्याचा वाटा फोडणीच्या आधीं काढत्यात.” आत्या क्षणभर थांबली. “मग तसं म्हणा की!” विज्ञान जें करूं शकलें नाहीं तें रीतीनें केलें.

तेव्हांपासून मोत्याचा रोडगा आत्या स्वतः करते. नाचणीचें पीठ, त्यांत उकडून कुसकरलेला तांबडा भोपळा. मीठ नाहीं, गूळ नाहीं, तेल नाहीं. घट्ट मळून लहान चपटे गोळे निखाऱ्यावर मंद भाजावयाचे, राख झटकावयाची आणि पूर्ण निवल्यावर द्यावयाचे. ठोंबऱ्यांतला त्याचा वाटा मीठ घालण्यापूर्वींच निघतो. हा खाऊ दिवसाच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक होऊं देत नाहींत. सणाच्या नांवाखालीं सवलत मागणारे आम्हीच असतों.

दिवाळींतही तीच दक्षता. लाडवावरचा बेदाणा आपणांस शोभेचा वाटतो, पण द्राक्षें आणि बेदाणे यांनीं कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊं शकतात. याचें कारण फार दिवस उकललें नव्हतें. २०२१ मध्यें अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं द्राक्षांतील टार्टरिक आम्लाकडे बोट दाखविलें. तें आम्ल चिंचेंतही भरपूर असतें, म्हणून चिंचगुळाची आमटी कालवलेला भातही आम्हीं बंद केला. भेट आलेल्या चॉकलेटचा डबा तर कपाटांत कुलपांत राहतो. (घरांतील मुलांची यावर वेगळी तक्रार आहे.)

उरला प्रश्न आळीचा. आपल्या घरीं पथ्य पाळलें तरी शेजाऱ्यांच्या भक्तीस आवर कोण घालणार? कुत्र्यास घास न घालतां सोडणें कोणास मानवणार नाहीं, हें आत्यास ठाऊक होतें. म्हणून आतां चंपाषष्ठीच्या सकाळीं ती चाळीसएक रोडगे भाजते आणि आठही घरीं मुलांकरवीं चार-चार पाठविते: तुमच्या दारीं आला तर हा घाला. घरें आपल्या नैवेद्यावरून देवाचें नांव घेऊन तोच देतात. मोत्या आतां म्हातारा झाला आहे. पाचव्या घरापर्यंत तो मोठ्या तोऱ्यानें जातो आणि सहाव्याच्या ओट्यावर उन्हांत निजतो.