पायगाडीचे मोल

जुनी वस्तू विकत घेताना मनुष्याचा स्वभाव जितका उघडा पडतो, तितका तो इतर प्रसंगी क्वचितच पडत असेल. नव्या वस्तूवर किंमत छापलेलीच असते; तेथे आपल्या सचोटीला फारसे काम उरत नाही. जुन्या वस्तूची किंमत मात्र दोन माणसांना आपापल्या बुद्धीने आणि आपापल्या मनोदेवतेच्या साक्षीने ठरवावी लागते.

आमच्या बेळगावचे सायकलीशी नाते फार जुने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली आपल्या उद्योगाचा आरंभ केला, तो याच गावात, सायकलच्या दुकानाने. लोखंडी नांगर त्यानंतरचा, आणि किर्लोस्करवाडी तर १९१० सालची. त्यांचे बंधू रामूअण्णा येथे दुकान पाहत आणि गिऱ्हाइकाला सायकल चालवावयासही शिकवीत. विकणाऱ्याने वस्तू स्वतः पुरती जाणावी आणि घेणाऱ्यालाही ती पुरती कळू द्यावी, हा व्यापाराचा केवढा चांगला परिपाठ! मी जो व्यवहार केला त्यात मात्र वस्तू विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हती आणि घेणाऱ्यालाही नव्हती.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर पहाटे कपिलेश्वराच्या दर्शनास सायकलने जावे, अशी हौस माझ्या मनात उपजली. निपाणीस तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असलेले एक वृद्ध गृहस्थ आपली जुनी रॅले विकणार आहेत, असे कानी आले. मी गेलो. सायकल पडवीत उभी होती. पुढे बगळ्याच्या डोक्याचे चिन्ह, आणि त्यावर नाव नॉटिंगहॅमचे. म्हणजे पुढे आसनसोलला निघू लागलेल्या सेन-रॅलेपैकी ही नव्हती, अस्सल विलायती होती. मी फ्रेमचे सांधे बोटांनी चाचपले. कोठे तडा नव्हता, मागाहून केलेली जोडणी नव्हती. चाक उचलून फिरविले. ते डुलत नव्हते. मग गल्लीतून एक फेरी मारून पाहिली. सायकल विलक्षण जड चालत होती.

अण्णांनी ३५०० रुपये सांगितले. मी म्हणालो, "अण्णा, सायकल फार जड आहे हो. हिच्यात काहीतरी बिघडलेले दिसते." ते खाली पाहत म्हणाले, "जड आहे खरी, मास्तर. तुम्हीच काय ते सांगा." मी २५०० सांगितले आणि त्यांनी मान डोलाविली. बेळगावास परतणाऱ्या एका रिकाम्या टेम्पोत सायकल चढवून मी मोठ्या समाधानाने घरी आलो. हजार रुपये वाचविल्याचे ते समाधान होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

ते समाधान मिस्त्रींच्या दुकानापर्यंतच टिकले. त्यांनी मागच्या चाकाचा हब रॉकेलच्या फडक्याने पुसला, तशी अक्षरे वर आली: स्टर्मी-आर्चर, आणि शेजारी ४८ हा आकडा. "मास्तर, हा तीन गिअरचा हब आहे, १९४८ सालचा," मिस्त्री म्हणाले. "याची हँडलापासूनची तार तुटली की हा आपोआप तिसऱ्या गिअरवर जातो आणि तेथेच राहतो. म्हणून जड. बिघाड काही नाही." अशी सायकल चालू स्थितीत ७००० रुपयांना कोणीही नेईल, असेही त्यांनी सांगितले. तार, कळ, टायर-ट्यूब आणि ब्रेकचे रबर मिळून दुरुस्तीला १८०० रुपये पडले.

ज्या दोषावर बोट ठेवून मी हजार रुपये कमी केले, तो दोषच नव्हता. मी लबाडी केली नव्हती हे खरे. परंतु अज्ञानाने मिळालेला नफा ज्ञान झाल्यावरही खिशात ठेवला, तर त्याला दुसरे कोणते नाव द्यावे? पहाटे देवळात हात जोडताना हा प्रश्न मला सुटेना. मी हिशेब मांडला: ७००० मधून दुरुस्तीचे १८०० वजा, राहिले ५२००, त्यांपैकी २५०० दिलेले, देणे निघाले २७००.

पुढच्या आठवड्यात त्याच टेम्पोने सायकलीसह मी निपाणीस गेलो आणि अण्णांच्या हाती पाकीट ठेवले. हकीकत ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती तार तुटून वीस वर्षे झाली असतील, मास्तर. वखारीतून येताना चढ लागला की मी उतरून चालत असे. मला वाटे, आपले पाय थकले."

यावर काय बोलावे, हे मला सुचेना.

त्यांनी पाकिटातून नेमके १००० रुपये काढून घेतले. "मी ३५०० मागितले होते. माझे तेवढेच." मी आग्रह केला, रागावलोही. आठवड्यापूर्वी आम्ही एकमेकांकडून ओढीत होतो, आता एकमेकांकडे ढकलीत होतो! अखेर ते म्हणाले, "बाकीच्या बदल्यात एक फेरी मारू द्या."

त्यांनी धोतराचा सोगा खोचला. मी गिअरची कळ पहिल्यावर आणून दिली. गल्लीच्या टोकाला लहानसा चढ आहे. तो चढून ते वळले, तेव्हा सायकलवरून उतरले नव्हते.