तीन इंच गाळ

२०१९ च्या ऑगस्टमध्ये दूधगंगेचा पूर ओसरला, तेव्हा सदलग्याकडच्या आमच्या रानात ऊस आडवा आणि वर गाळ. सरकारी नियम असा, की गाळ ३ इंचांहून जास्त असेल तरच तो काढायला अल्पभूधारकाला मदत. तीही तेव्हा हेक्टरी १२,२०० रुपये, म्हणजे एकरी पाच हजारांच्या आतच.

पाहणीच्या आदल्या रात्री मी बाबांना म्हटलं, "वरच्या अंगाला चार पाट्या गाळ ओढून टाकूया." बाबा म्हणाले, "थोडा गाळ म्हणजे नदीनं भरलेली ओटी. तिचे पैसे मागायचे?"

सकाळी साहेबांनी पट्टी रोवली. नदीकडं मान डोलावली; वरच्या अंगाला म्हणाले, "यजमानरे, मूरु इंच इल्ला." बाबा म्हणाले, "हौदु."

मदत अर्ध्याच रानाची आली. जेसीबीचं भाडं भागवायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

२०२२ मध्ये तो दर हेक्टरी १८,००० झाला. तीन इंचांची अट राहिलीच.

पुढच्या हंगामात वरच्या अंगाचा ऊस डोक्याच्या वर गेला. बाबांचं खरं ठरलं. पाटल्या सुटायला मात्र तीन वर्षं लागली.