उत्तर आले : 0

मराठी विभागातील बावीस संगणकांवरून जुने टंकलेखनाचे सॉफ्टवेअर काढून टाकण्याचे काम आम्ही हौसेने अंगावर घेतले. विंडोजमध्ये ‘एमएसआयएक्झेक’ नावाची आज्ञा आहे. तिला ‘क्यूएन’ हे शेपूट जोडले की पडद्यावर एकही खिडकी उघडत नाही, कुणाला काही विचारले जात नाही. रात्री एका यंत्रावरून ती सर्वत्र सोडली. सकाळी नोंदीत बहुतेकांसमोर 0, म्हणजे काम फत्ते. दोन ठिकाणी 3010 : संगणक पुन्हा सुरू करा. एके ठिकाणी 1605 : हे इथे नव्हतेच.

अकराच्या सुमारास बाईंनी ओव्यांच्या टिपणांची फाइल उघडली. बारा वर्षांची जमवाजमव. आणि पडद्यावर रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांची चिन्हे यांचा नुसता खच. युनिकोडपूर्व फाँटांची गोम अशी, की फाइलमध्ये देवनागरी नसतेच. साठवलेले असतात रोमन अक्षरांचे क्रमांक. त्यांना ‘क’, ‘ळ’ असे रूप देतो तो केवळ फाँट, आणि तोही सॉफ्टवेअरबरोबर निमूट गेला होता. ओव्या शाबूत होत्या, फक्त वाचता येत नव्हत्या. (आम्ही पाठचिकित्सा शिकवतो, हे इथे सांगायला नको होते.)

“मला विचारलं असतंत तरी,” बाई एवढेच म्हणाल्या. कुणाला विचारावे लागू नये, म्हणूनच तर आम्ही ती आज्ञा निवडली होती.

दुपारी फाँट परत बसवला. आता ओव्या युनिकोडमध्ये उतरवतो आहोत. परिवर्तक पहिली वेलांटी आणि रफार हमखास चुकवतो, तेव्हा बाई शेजारी बसून मोठ्याने वाचतात आणि आम्ही दुरुस्त करतो.