तेरा पानं, एकच नाव

तुमच्या वर्गात तेरा मुलं आहेत आणि तेराही जणांचं नाव गणेश आहे, अशी कल्पना करा. बाईंनी हाक मारली, "गणेश, उभा राहा!" काय होईल? सगळा वर्ग उभा राहील! अशीच गंमत आमच्या घरी झाली. पण माझ्या भाचीला मात्र त्यात रडू आलं.

ती आठवीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे बुलढाण्याला आली होती. आम्ही दोघांनी मिळून जिल्ह्यावर एक छोटी वेबसाइट केली. लोणारचं सरोवर, जिजाऊंचं सिंदखेडराजा, शेगाव... असे तेरा लेख झाले. लोणारच्या गुलाबी पाण्याचा लेख तिचा एकटीचा. तिने मेहकरच्या मैत्रिणीला बजावलं, "प्रकल्पासाठी माझाच लेख वाच हं!"

मैत्रिणीने मोबाइलवर शोधलं. ओळीने तेरा नावं आली आणि सगळीकडे एकच – 'आमचा बुलढाणा'! दोन-तीन पानं उघडून ती कंटाळली. मग दुसरीकडे कुठेतरी वाचून तिने प्रकल्पात लिहिलं, 'शापामुळे लोणारचं पाणी लाल झालं.'

"मामा, मी खरं कारण लिहिलं होतं. पण ते कुणाला सापडलंच नाही!" भाचीचे डोळे भरून आले.

मी कॉम्प्युटर उघडून बसलो. चूक माझीच होती. वेबच्या पानाला दोन नावं असतात, बरं का! एक लेखाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत दिसतं. दुसरं पानाच्या आतल्या मजकुरात, 'टायटल' नावाच्या खुणेत दडलेलं असतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तेच दिसतं आणि शोधणाऱ्याला यादीतही बहुतेक वेळा तेच दिसतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली वेब जगापुढे आणलं, तेव्हापासून ही खूण आहे. मी वरची नावं नीट दिली, पण आतल्या साच्यात वेबसाइटचंच नाव ठेवून दिलं. तेच तेरा ठिकाणी उमटलं! मग साचा बदलला. आधी लेखाचं नाव, मग वेबसाइटचं.

दुसरी अडचण पत्त्याची. पानाचा पत्ता लेखाच्या नावावरूनच तयार झाला होता. पण मराठी पत्ता कॉपी करून पाठवला, की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक माळ होते. 'लोणार' या शब्दात ल, ओकार, ण, काना आणि र अशी पाच चिन्हं. प्रत्येक चिन्हाची नऊ अक्षरं होतात. म्हणजे एका शब्दाची पंचेचाळीस! म्हणून पत्ता इंग्रजी अक्षरांत, छोटासा केला. मात्र जुना पत्ता कुणी वहीत लिहून ठेवला असेल तर? घर बदलल्यावर आपण पोस्टात नवा पत्ता कळवून ठेवतो ना, तशी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे नेणारी सोयही केली.

आता उरलं लेखाचं नाव. भाचीने दिलं होतं, 'चमत्कार!!!'

मी विचारलं, "यावरून आत काय आहे ते कळतं का गं?"

ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने स्वतःच खोडून लिहिलं, 'लोणार सरोवराचं पाणी २०२० मध्ये गुलाबी का झालं?' लेखात उत्तर होतंच. पाणी कमी झालं, खारेपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात राहणारे 'हॅलोआर्किया' नावाचे सूक्ष्मजीव वाढले. त्यांच्या रंगामुळे पाणी गुलाबी दिसलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. शाप नाही की चमत्कार नाही!

यादीतली नावं लगेच बदलली नाहीत, काही दिवस वाट पाहावी लागली. मग एका संध्याकाळी मेहकरहून फोन आला. मैत्रिणीला लेख सापडला होता! प्रकल्पातली 'शापा'ची ओळ तिने खोडली होती. भाचीने त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तुम्हीही शाळेच्या हस्तलिखितात नाहीतर वेबवर लिहीत असाल. लेख झाला, की त्याचं नाव तेवढं धाकट्या भावाला वाचून दाखवा. आत काय आहे ते त्याने बरोबर ओळखलं, तर नाव जमलं म्हणायचं!